झाकणाखालचा वास

माणसाने आजवर जी काही संस्कृती उभी केली ती नाकाच्या भरवशावर. डोळा फसतो, कान फितूर होतो, जीभ तर जन्मजात लाचखाऊ, पण नाक कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी दूध संघाच्या प्रशिक्षण वर्गात एकतीस वर्षं म्हटलं. 'लाचखाऊ'वर दरवर्षी हशा यायचा आणि मी अजिबात न हसता पाण्याचा पेला उचलायचो. आज सकाळी गॅलरीत दाढी करताना ते मला पुन्हा सुचलं, म्हणजे आठवलं, आणि निवृत्त माणसाने अशा वाक्यांचं एक छोटेखानी पुस्तक काढायला काय हरकत आहे, मुखपृष्ठावर एखादं भव्य नाक असावं, इथपर्यंत मजल गेली, तेवढ्यात घरातून करपल्याचा वास आला. दूध. बायको खाली ब्रेड आणायला जाताना बजावून गेली होती, "मंद गॅसवर ठेवलंय, लक्ष ठेवा," आणि उभ्या आयुष्यात दुधाशिवाय दुसऱ्या कशावर ज्याने लक्ष ठेवलं नाही तो मी ते साफ विसरलो होतो. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून धावलो. दोन दारं, मधला बोळ, आणि पावलागणिक वास दाट होत गेलेला. स्वयंपाकघरात निळसर धूर तरंगत होता. आणि गॅसपासून हातभर अंतरावर, गॅसकडे पाठ करून, स्टुलावर माझा धाकटा भाऊ बसला होता. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर एक कागद, आणि त्या कागदावरचं काहीतरी तो शांतपणे खोडत होता.

"अरे, दूध लागलं," मी म्हणालो.

"हो का?" तो उठला, वळला, पातेल्यावर वाकला, डोळे अर्धवट मिटून एक छोटा, सराईत श्वास ओढला आणि मान हलवून म्हणाला, "हं. थोडंच लागलंय."

थोडंच. पातेल्याचा तळ काळाठिक्कर झाला होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी खोकत होतं, आणि हा पातेल्यात तोंड घालून 'थोडंच' म्हणत होता. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. तो पुन्हा स्टुलावर बसला आणि खोडलेलं वाचू लागला. मी गॅलरीत परत आलो, आरशासमोर उभा राहिलो, आणि माझा हात ब्रशासकट हवेत राहिला. गालावरचा फेस सुकून ताणायला लागला होता. म्हणजे त्याला अजून वास येत नाही, गेलेला वास परत आलेलाच नाही. चार वर्षं झाली. 'येतो आता, दादा, पहिल्यासारखा येतो,' असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं, आणि ऐकून मला इतकं हलकं वाटलं होतं की मी पुन्हा कधी विचारलं नाही. एखादी गोष्ट आपल्याला हवी तशी कोणी सांगितली की आपण दुसऱ्यांदा विचारत नाही. चौकशी आपण फक्त वाईट बातमीचीच करतो.

गावात त्याला मीटर म्हणत. अजूनही म्हणतात, पण तेव्हा ते कौतुकाने म्हणत. आमच्या गावाचं दूध संकलन केंद्र म्हणजे एक सिमेंटचा ओटा, वर पत्रा, एक वजनकाटा आणि धाकटा. त्रेसष्ट घरं, आणि प्रत्येक घरात गाय नाहीतर म्हैस. पहाटे रांग लागायची. माणूस कॅन ओट्यावर ठेवायचा, धाकटा झाकण उचलायचा आणि त्याच क्षणी वाकायचा. त्याच क्षणी, कारण झाकणाखाली रात्रभर साठलेला वास पहिल्या एका श्वासात असतो, दुसऱ्या श्वासाला तो उडून गेलेला असतो. मग म्हणायचा, "ओत." किंवा म्हणायचा, "थांब जरा." या 'थांब जरा'ला अख्खा गाव वचकून असे. थांब जरा म्हणजे कॅन नीट घासला नाही, किंवा आदल्या संध्याकाळचं दूध सकाळच्यात मिसळलं, किंवा धार काढताना गोठ्यात धूर होता. एकदा त्याने एकाला सांगितलं, "दूध चांगलं आहे, ओत. पण गाईच्या डाव्या सडाकडे बघ." तिसऱ्या दिवशी ते सड सुजलं. तेव्हापासून लोक त्याला लग्नाच्या बोलणीलाही नेऊ लागले, काय माहीत, मुलाचा वास घेऊन सांगेल. मी संघाच्या मुख्य कार्यालयात पोचलो, पंख्याखाली बसलो, लेखी परीक्षा देत देत गुणनियंत्रणाचा मुख्य झालो; पण नाकाचं खरं शिक्षण त्याच्याकडे होतं. मी वर्गात जे सांगायचो ते त्याचंच. त्याचं नाव मात्र कधी घेतलं नाही. सख्ख्या भावाचा दाखला देणं बरं दिसत नाही, असं मी स्वतःला सांगत असे. आता दाढीचा उरलेला अर्धा गाल खरवडताना वाटतं, बरं दिसलं असतं की.

मग ती साथ आली. शहरात आम्ही दारं लावून बसलो आणि दाराच्या कड्या पुसू लागलो. गावाने रस्त्यावर आडवं झाड टाकलं, आणि टँकर येणार म्हणून रोज पहाटे बाजूला ओढलं, टँकर गेला की पुन्हा आडवं टाकलं. काय गंमत आहे, ज्या वाटेने रोग येणार त्याच वाटेने दूध जाणार, तेव्हा अर्धा तास रोगालाही मुभा. आठवडी बाजार बंद, शहरातली चहाची दुकानं बंद, खाणावळी बंद. दुधाचा उठाव निम्म्यावर आला आणि संघाने संध्याकाळचं संकलन थांबवलं. गाईला हे कोणी कळवलं नाही. ती संध्याकाळीही दूध देत राहिली. पहिले आठ दिवस लोकांनी ते पोरांना पाजलं, कुत्र्यांना पाजलं, मग गुपचूप बांधावर ओतलं. धाकटा म्हणाला होता, "संध्याकाळी गावात फिरवत नाही दादा, सगळीकडे आंबूस वास मारतो." तेव्हा त्याला वास येत होता.

आणि नियम. केंद्रावरचा माणूस आजारी पडला तर केंद्र एकवीस दिवस बंद, त्या गावचं दूध घ्यायचं नाही. तो नियम मी लिहिला होता. फार सुंदर लिहिला होता. 'तात्काळ' हा शब्द तीनदा आणि 'सर्वसंबंधितांनी' दोनदा आला होता, आणि संचालकांनी मला बोलावून शाबासकी दिली होती. खाली सही करताना माझ्या मनात एकही गाव नव्हतं. आठ दिवसांनी धाकट्याचा फोन आला तेव्हा मी नळाखाली दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. त्या दिवसांत सगळे धूत होते, पण मी गुणनियंत्रणाचा मुख्य, मी दोनदा धुवायचो. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हाताला फेस.

"दादा, मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच. परवापासून. ताप नाही, काही नाही. हिलाही येत नाही. सकाळी मी रॉकेलची बाटली हुंगली. पाणी वाटलं."

मी नळ बंद केला. मला सगळं समजलं होतं. एकवीस दिवस, त्रेसष्ट घरं. सकाळचंही दूध बांधावर. आणि आमचं केंद्र बंद पडलं तर टँकर पुढच्या सात गावांसाठी एवढा वळसा घेईल का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी माझ्याच टेबलावर येणार. शिवाय भाऊ मुख्याचा. लोक म्हणणार, घरचाच माणूस आजारी आणि हा आम्हाला नियम शिकवतो. हा 'शिवाय' मी त्या वेळी मनात धरला नव्हता असं मी गेली चार वर्षं म्हणत आलो. आज करपलेल्या दुधाच्या वासात उभा आहे म्हणून सांगतो, तो आधी आला होता, गावं मागाहून आली.

"कोणाला बोललास?"

"नाही. तुलाच."

"मग बोलू नकोस. आठ-दहा दिवसांत येतो परत, सगळ्यांना येतो. तोंडाला फडकं बांध, लांब उभा राहा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि दूध?"

"तुला काय हुंगायची गरज आहे? एवढ्या वर्षांत बघून कळत असेल तुला."

तो म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर." तू म्हणतोस तर. मी पुन्हा नळ सोडला आणि उरलेल्या दोन पिशव्या धुतल्या.

काल संध्याकाळी तो आला, पिशवी ठेवली, आणि जेवताना माझ्या बायकोने सहज विचारलं, "भावजी, तेव्हा बारा दिवस तुम्ही चालवलंत तरी कसं हो?" मी ताटात बघत राहिलो. तो हसला. "नाटक, वहिनी. झाकण उचलायचं, वाकायचं, श्वास घ्यायचा, ओत म्हणायचं. मी कॅनकडे बघतच नव्हतो. माणसाकडे बघायचो. दुधात खोट असली की माणूस डोळ्याला डोळा देत नाही, कॅनच्या कडीकडे बघतो. तसा दिसला की थांब जरा. अहो, अकरा दिवस एक चूक झाली नाही. गाव म्हणायला लागलं, मीटर फडक्यातूनसुद्धा वास घेतो." त्याने भाजी पुढे ओढली, मीठ न चाखताच वरून घेतलं. "एकाने तर सात दिवसांत तीनदा थांब जरा ऐकलं आणि पाया पडला, म्हणाला, पाणी घालत होतो, पुन्हा नाही घालणार. पाण्याला वास असतो का वहिनी? पण तो कडीकडे बघत होता ना." बायको हसली. मीही हसलो. स्टो पेटवून वाटीभर दूध उकळून बघण्याची साधी पद्धत असते, आंबट असेल तर लगेच फाटतं; ते का नाही केलंस, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. ज्या ओट्यावर वीस वर्षं स्टो लागला नाही तिथे स्टो निघाला असता, तर रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं असतं की मीटरचं नाक गेलं. मूठ उघडली असती. मूठ मी झाकायला सांगितली होती.

बाराव्या दिवशी गावाच्या टोकाच्या घरातली म्हातारी आली. एकटी बाई, एक गाय. ती वीस वर्षं रांगेत पहिली यायची, त्या दिवशी शेवटची आली. कॅन ठेवला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, लपवण्यासारखं काहीच नव्हतं, कारण तिला माहीतच नव्हतं. दोन दिवस अंगात कणकण होती म्हणून कॅन नुसता खंगाळला होता, आणि संध्याकाळचं दूध फेकायला जीव होईना म्हणून सकाळच्यात ओतलं होतं. एरवी तिने स्वतःच झाकण उघडून नाक मुरडलं असतं आणि ते दूध बांधावर गेलं असतं. पण तिलाही वास येत नव्हता. हे सगळं तिनेच मागाहून त्याला सांगितलं; वास तापामुळे गेला असेल म्हणाली. ती त्याच्याकडे प्रामाणिकपणे बघत होती आणि तो तिच्याकडे, आणि दोघांच्या मधल्या कॅनला काय वास मारत होता ते तिथे फक्त माशांना कळलं असेल. त्याने झाकण उचललं, वाकला, श्वास घेतला. "ओत, काकू."

टँकर कारखान्यात पोचेपर्यंत आठ गावांचं दूध फाटलं होतं. ते गटारात सोडलं तेव्हा मी तिथे हजर होतो, नियमाप्रमाणे. पांढरं पाणी आणि त्यात गोळे. मला पहिल्याच श्वासात समजलं, हा आमचा ओटा. दुपारी टेबलावर कागद आला: सदर मार्ग बंद करण्यात यावा काय? मी समासात 'यावा' लिहिलं. 'काय' खोडलं. खाली सही केली. तो कागद मी लिहिलाच नाही, कोणीतरी लिहून ठेवलेला होता, मी फक्त एक शब्द लिहिला आणि एक खोडला. इतकं कमी काम करून इतकं मोठं गाव मी आयुष्यात दुसऱ्यांदा बंद केलेलं नाही.

म्हातारी दोन दिवसांनी त्याच्या दारात आली होती. लांब उभी राहिली, म्हणाली, "माझाच होता का रे कॅन? घरी वाटीभर ठेवलं होतं ते फाटलं." तो म्हणाला, "नाही काकू, तुमचं चांगलं होतं. मी हुंगलं होतं ना." ती म्हणाली, "मग बरं," आणि गेली. आठवड्याने ती गेलीच. तिला पोचवायला चार माणसं होती, चारही जण एकमेकांपासून लांब चालणारी. हे त्याने काल बायको उठून गेल्यावर मला सांगितलं, हात धुता धुता, पाठ करून.

मार्ग परत सुरू झाला नाही. टँकर नाही म्हणजे दूध नाही, दूध नाही म्हणजे वैरण आणायची कशासाठी. गाई एकेक करून व्यापाऱ्याच्या गाडीत चढल्या. त्रेसष्टाची एकोणीस घरं राहिली. ज्यांच्या गाई गेल्या त्यांची तरणी माणसं गेली, शहरात इमारतींच्या दारांशी टोप्या घालून बसली. आमच्या इमारतीच्या दाराशी बसतो तो आमच्याच गावचा आहे, मला रोज नमस्कार करतो, आणि मी रोज घड्याळ बघत बघत बाहेर पडतो. दूध नाही म्हणून पहाट नाही. रांगेत उभं राहून माणसं जे एकमेकांशी बोलायची, कोणाची सून रुसली, कोणाची विहीर आटली, ते बोलायला जागाच उरली नाही. शाळा दोन खोल्यांवरून एका खोलीत आली. ओट्यावर कुत्री झोपतात. धाकट्याला कोणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर परवडलं असतं. तो समोरून आला की कोणीतरी हळूच म्हणतं, "मीटर बंद आहे," आणि बाकीचे आभाळाकडे बघतात. चार वर्षांत त्याने एकदाही म्हटलं नाही की मी दादाला विचारलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात चार वर्षं दिवे लावून ठेवल्यासारखा लख्ख उजेड आहे आणि त्यात एक टेलिफोन वाजतो आहे.

आता तो त्या एकोणीस घरांचा अर्ज घेऊन आलाय. केंद्र पुन्हा सुरू करा. संघ म्हणतो, करू, पण आधी तेव्हा काय झालं त्याचं लेखी कारण द्या. आज अकरा वाजता संचालकांसमोर. तो आंघोळीला गेला तेव्हा मी स्टुलावरचा कागद वाचला. चोरून वाचला म्हणा. वळणदार, शाळकरी अक्षर. 'मला वास येत नव्हता. मी ते कोणासही सांगितले नाही.' त्यापुढे एक ओळ होती ती त्याने इतक्या चिकाटीने खोडली होती की कागद फाटायला आला होता. करपल्या दुधाशेजारी बसून तो हीच ओळ खोडत होता. मी कागद उजेडाकडे धरला. 'फक्त' हा एक शब्द दिसला. फक्त मोठ्या भावाला, असणार. नाहीतर काय? शेवटी लिहिलं होतं, 'चूक सर्वस्वी माझी आहे. नवीन माणूस नेमावा. गावास शिक्षा नसावी.'

कारण असं एकट्याचं निघालं तर संचालक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, मीच त्यांना तसं म्हणायला शिकवलंय: ज्या गावाचा माणूस बारा दिवस फसवतो त्या गावावर विश्वास काय ठेवायचा? पण मुख्यानेच फसवायला सांगितलं होतं, असं कोणी उभं राहून म्हटलं, तर गाव सुटतं. मुख्य अडकतो. माझी तिथे भिंतीवर तसबीर आहे, निरोपाच्या दिवशीची, हार घातलेली; जिवंतपणी हार घातलेल्या तसबिरीला लोक तसेही जरा दबकूनच असतात. मी कागद होता तसा ठेवला. कपाट उघडलं. कार्यालयातला शेवटचा पांढरा शर्ट काढला, बटणं लावली, वरचं एक लागेना. बायको ब्रेड घेऊन आली होती, पातेलं घासत होती. तिने माझ्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, आणि फक्त म्हणाली, "छत्री न्या." मी मनाशी वाक्यं जुळवू लागलो. सन्माननीय संचालकहो, नाक खोटं बोलत नाही, पण नाकाचा मालक... नको. सन्माननीय संचालकहो, सदर प्रकरणी... तेही नको. खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटत होतं. मोठं काहीतरी करायला निघालेल्या माणसाला वाटतं तसं.

धाकटा तयार होऊन दाराशी उभा होता. केस चापून बसवलेले, कागद घडी करून खिशात.

"मी येतो तुझ्याबरोबर," मी म्हणालो. "तुझा कागद वाचला मी. ती खोडलेली ओळ परत लिही. नाही लिहिलीस तर मी तोंडाने सांगणार. मीच तुला गप्प राहायला सांगितलं होतं."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "फोनवर दुसऱ्या बाजूला मीच होतो."

"आणि तुला अजून वास येत नाही."

"नाही."

"मग मला आला म्हणून का सांगितलंस?"

"तू दर दोन दिवसांनी फोन करायचास. आवाज रडवेला असायचा तुझा. म्हटलं, एकाला तरी झोप लागू दे."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. चार वर्षांचं साठलेलं होतं, झाकणाखाली, पहिल्याच श्वासात बाहेर पडणारं. त्याने हात वर केला. मला थांबवायला, असं वाटलं. पण तो हात त्याने डोक्याच्या वर तसाच धरला, काख माझ्याकडे केली आणि जरा संकोचून, खालच्या आवाजात म्हणाला,

"ते तू तिथे सांग हवं तर. आधी एक काम कर. काल बसमध्ये शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. घरी हिलाही कळत नाही, मलाही नाही, विचारायचं कोणाला? हा शर्ट जरा हुंगून बघ ना दादा, वास मारतोय का. आणि खरं सांग."